ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०: विक्रमी सामन्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला सर्वात मोठ्या फरकाचा विजय ११ एप्रिल २००१ रोजी नोंदला गेला आणि तो आजही अबाधित आहे. या सामन्याची आठवण बहुतेक वेळा गंमत म्हणून काढली जाते. प्रत्यक्षात हा निकाल मैदानावर जितका घडला, त्याहून अधिक तो कागदपत्रांच्या टेबलावर आणि स्पर्धेच्या आखणीत आधीच ठरून गेला होता, असे आमचे मत आहे. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

हा सामना नेमका कोणत्या स्पर्धेतला होता?

२००२ च्या विश्वचषकासाठी ओशनिया विभागाची (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि प्रशांत महासागरातील बेटे) जी पात्रता स्पर्धा झाली, तिच्या पहिल्या गटातला हा सामना होता. ऑस्ट्रेलिया, फिजी, टोंगा, सामोआ आणि अमेरिकन सामोआ असे पाच संघ या गटात होते आणि गटातले सर्व सामने ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावरील कॉफ्स हार्बर या एकाच गावात खेळवले गेले. सामन्याला सुमारे तीन हजार प्रेक्षक हजर होते.

वेळापत्रकाकडे बारकाईने पाहावे. अमेरिकन सामोआने ७ एप्रिलला फिजीविरुद्ध १३, ९ एप्रिलला सामोआविरुद्ध ८, ११ एप्रिलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१ आणि १४ एप्रिलला टोंगाविरुद्ध ५ गोल स्वीकारले. एका आठवड्यात चार सामने, ५७ गोल अंगावर आणि स्वतःच्या खात्यात एकही नाही. पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूंनाही एका दिवसाच्या विश्रांतीने सामने खेळणे जड जाते; येथे तर शाळकरी मुले खेळत होती.

गोल कसकसे होत गेले?

पहिली नऊ मिनिटे गुणफलक कोराच होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. दहाव्या मिनिटाला कॉन बुत्सियानिसने पहिला गोल केला, बाराव्याला आर्ची थॉम्पसनने, तेराव्याला डेव्हिड झ्द्रिलिचने आणि चौदाव्याला ऑरेलिओ विदमारने. तेथून मध्यंतरापर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी चेंडू जाळ्यात जात राहिला आणि पूर्वार्ध संपला तेव्हा गोलसंख्या १६ होती. उत्तरार्धात आणखी १५ गोल झाले.

मात्र उत्तरार्धाची लय वेगळी होती. ६६ व्या मिनिटाला चोविसावा गोल झाल्यानंतर पुढचा गोल थेट ७८ व्या मिनिटाला झाला. ती बारा मिनिटे अमेरिकन सामोआने एकही गोल होऊ दिला नाही, आणि थकलेल्या, अननुभवी संघाच्या दृष्टीने सामन्यातला हाच सर्वात अवघड भाग होता. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत बांध पुन्हा फुटला. ८५ व्या आणि ८८ व्या मिनिटाला थॉम्पसनने केलेल्या गोलांच्या मध्ये, ८६ व्या मिनिटाला, अमेरिकन सामोआने ऑस्ट्रेलियाच्या गोलच्या दिशेने एक फटका मारला. गोलरक्षक मायकेल पेटकोविचने तो अडवला. संपूर्ण सामन्यात त्याला करावे लागलेले काम जवळजवळ एवढेच.

गोल करणाऱ्यांचा हिशेब असा: थॉम्पसन १३, झ्द्रिलिच ८, बुत्सियानिस ३, विदमार, टोनी पोपोविच आणि सायमन कोलोसिमो प्रत्येकी २ आणि फाउस्तो दे अमिचिस १.

अमेरिकन सामोआचा संघ इतका दुबळा का होता?

अमेरिकन सामोआ हा प्रशांत महासागरातील अमेरिकेच्या ताब्यातील छोटा बेटसमूह आहे आणि त्या काळी तेथील लोकसंख्या साठ हजारांच्याही आत होती. रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल हे तेथील लोकांच्या जिव्हाळ्याचे खेळ असून आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तेथे मागे पडलेला आहे. जागतिक फुटबॉल महासंघाचे म्हणजे फिफाचे सदस्यत्व त्यांना १९९८ मध्येच मिळाले होते आणि फिफाच्या क्रमवारीत ते तळाला होते.

तरीही केवळ एवढ्यावरून ३१ गोलांचा उलगडा होत नाही, कारण टोंगा आणि सामोआ हेही लहान देशच आहेत. खरे कारण पासपोर्टाचे होते. संघातून खेळण्यासाठी खेळाडूकडे अमेरिकेचा पासपोर्ट असणे फिफाच्या नियमानुसार आवश्यक होते आणि मूळ निवडलेल्या वीस जणांच्या संघात ही अट पूर्ण करणारा एकच खेळाडू निघाला, तो म्हणजे गोलरक्षक निकी सलापू. मग वीस वर्षांखालील संघातून मुले घ्यावीत असा विचार झाला, तर त्यातील बऱ्याच जणांच्या शालेय परीक्षा नेमक्या त्याच सुमारास होत्या. शेवटी प्रशिक्षक तुनोआ लुई यांना जे मिळाले त्यांच्यानिशी संघ उभा करावा लागला. या संघाचे सरासरी वय १८ च्या आसपास होते, त्यात पंधरा वर्षांची तीन मुले होती आणि काहींनी त्यापूर्वी पूर्ण नव्वद मिनिटांचा सामनाही खेळलेला नव्हता.

म्हणून ‘अमेरिकन सामोआचा राष्ट्रीय संघ ३१ गोलांनी हरला’ हे विधान कागदोपत्री बरोबर असले, तरी तो संघ त्या देशाचा सर्वोत्तम संघ नव्हता, ही गोष्ट त्याच वाक्यात सांगितली गेली पाहिजे.

मग ऑस्ट्रेलियाने आपला पूर्ण ताकदीचा संघ उतरवला होता का?

नाही. युरोपातील मोठ्या क्लबांकडून खेळणारे अनेक नामवंत खेळाडू या सामन्यात नव्हते. बावीस वर्षांचा थॉम्पसन त्या वेळी ऑस्ट्रेलियातीलच मार्कोनी स्टॅलियन्स या क्लबकडून खेळत होता आणि एरवी राष्ट्रीय संघात त्याची जागा पक्की नव्हती. राखीव फळीतले खेळाडूही व्यावसायिक होते आणि संघात जागा मिळवण्यासाठी आतुर होते. अशा खेळाडूंसमोर शाळकरी मुले उभी राहिली, तर फरक कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक असते.

सामना मध्येच थांबवता आला नसता का?

मोठ्या फरकामुळे सामना आटोपता घेण्याची तरतूद फुटबॉलच्या नियमांत नाही. शाळकरी किंवा हौशी पातळीवरच्या काही स्पर्धा आपल्यापुरता तसा नियम करतात, पण आंतरराष्ट्रीय सामन्यात पंचांना तो अधिकार नसतो. एखाद्या संघाचे मैदानावरचे खेळाडू सातपेक्षा कमी झाले तर सामना पुढे चालू ठेवता येत नाही. पण अमेरिकन सामोआने मैदान सोडून ती वेळ आणली नाही. त्यांचे खेळाडू शेवटपर्यंत मैदानात उभे राहिले, आणि या सामन्यात दाद द्यायची असेल तर ती तेथे द्यावी.

ऑस्ट्रेलियाने हात आखडता का घेतला नाही? हे खिलाडूवृत्तीला धरून होते का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. गटातला ऑस्ट्रेलियाचा अव्वल क्रमांक जवळपास गृहीत धरलेला होता, त्यामुळे गोलफरकासाठी तिसाव्या गोलाची गरज नव्हती, हे खरे आहे. दुसरीकडे, पात्रता फेरीत गोलफरक मोजला जातो आणि स्पर्धेच्या मध्यावर कोणताही प्रशिक्षक खेळाडूंना ‘आता पुरे’ असे सांगत नाही. शिवाय चेंडू आपापसांत फिरवत राहून प्रतिस्पर्ध्याला नुसते पळवणे हा अपमान गोल करण्यापेक्षा कमी असतो, असे आम्हाला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक फ्रँक फरिना आणि खुद्द थॉम्पसन या दोघांनीही सामन्यानंतर अशा लढतींच्या उपयोगाविषयी जाहीरपणे शंका व्यक्त केली होती. विजेत्यांकडूनच अशी तक्रार येणे दुर्मीळ असते. दोष खेळाडूंचा नसून, विभागातल्या बलाढ्य संघाला आणि जगाच्या क्रमवारीतल्या तळाच्या संघाला कोणत्याही प्राथमिक फेरीशिवाय एकाच गटात टाकणाऱ्या आखणीचा होता, हे त्यांनाही दिसत होते. महिलांच्या २०१९ च्या विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला १३–० असे हरवले तेव्हाही हाच वाद रंगला. फरक एवढाच की तेथे आक्षेप गोलांच्या संख्येवर कमी आणि प्रत्येक गोलानंतरच्या जल्लोषावर अधिक होता.

गुणफलकावर ३२ गोल दिसत होते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

होय. गोल इतक्या झपाट्याने होत होते की गुणफलक सांभाळणाऱ्यांचा हिशेब चुकला आणि सामना संपला तेव्हा फलकावर ३२–० असा आकडा झळकत होता. थॉम्पसनच्या नावावरही आधी एक गोल जास्त धरला गेला होता. नंतर पंचांच्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर अधिकृत निकाल ३१–० आणि थॉम्पसनचे गोल १३ असे निश्चित करण्यात आले. जुन्या बातम्यांत कोठे ३२ हा आकडा आढळला, तर त्याचे मूळ या गोंधळात आहे.

थॉम्पसनचा १३ गोलांचा विक्रम किती मोठा आहे?

त्याआधी एका आंतरराष्ट्रीय सामन्यात सर्वाधिक १० गोल करण्याचा मान दोघांकडे होता: १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध खेळणारा डेन्मार्कचा सोफस निल्सन आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध खेळणारा जर्मनीचा गॉटफ्रीड फुक्स. म्हणजे जवळपास नव्वद वर्षे टिकलेला विक्रम थॉम्पसनने मोडला.

झ्द्रिलिचची मात्र आम्हाला थोडी कीव येते. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात त्यापूर्वीचा वैयक्तिक विक्रम सात गोलांचा होता. ऑस्ट्रेलियाच्या गॅरी कोलने १९८१ मध्ये फिजीविरुद्ध आणि इराणच्या करीम बाघेरीने १९९७ मध्ये मालदीवविरुद्ध तो केला होता. झ्द्रिलिचने आठ गोल करून तो मागे टाकला, पण त्याच सामन्यात सहकाऱ्याने तेरा केल्यामुळे त्याचे नाव मथळ्यात आलेच नाही.

याआधीचा सांघिक विक्रम कोणाचा होता?

तो ऑस्ट्रेलियाचाच होता आणि अवघ्या दोन दिवसांपूर्वीचा. ९ एप्रिल २००१ रोजी त्यांनी टोंगाला २२–० असे हरवले होते. त्यापूर्वी कुवेतने फेब्रुवारी २००० मध्ये भूतानवर मिळवलेला २०–० हा विजय सर्वात मोठा होता.

क्लब फुटबॉलमध्ये १४९–० असा निकाल लागला होता. मग तो मोठा विक्रम नाही का?

आकडा मोठा आहे, पण प्रकार सर्वस्वी वेगळा आहे. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी मादागास्करमधील तोआमासिना येथे एएस अडेमा या क्लबने स्तात ऑलिंपिक द लेमिर्न या क्लबवर १४९–० असा विजय मिळवला, आणि विजेत्यांनी एकही गोल केला नाही. सर्वच्या सर्व १४९ गोल पराभूत संघाने स्वतःच्याच जाळ्यात मारले.

लेमिर्न हा आदल्या वर्षीचा विजेता संघ होता. विजेतेपदासाठीच्या चार संघांच्या अंतिम साखळीत आधीच्या सामन्यात पंचांनी अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्ध्यांना वादग्रस्त पेनल्टी दिली, सामना २–२ असा बरोबरीत सुटला आणि लेमिर्न विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर फेकला गेला. अडेमाचे विजेतेपद त्यामुळे निश्चित झाले होते आणि उरलेल्या सामन्याला काही अर्थ नव्हता. त्या निर्णयाचा निषेध म्हणून लेमिर्नचे खेळाडू चेंडू हाती येताच मागे वळून आपल्याच गोलमध्ये मारत राहिले. नव्वद मिनिटांत १४९ म्हणजे सरासरी दर ३६ सेकंदांना एक गोल. अडेमाचे खेळाडू नुसते पाहत उभे होते, आणि प्रेक्षकांनी तिकीटखिडकीवर जाऊन पैसे परत मागितले.

राष्ट्रीय महासंघाने लेमिर्नचे प्रशिक्षक रात्सिमांद्रेसी रात्साराझाका यांना तीन वर्षांसाठी निलंबित केले, चार खेळाडूंवर हंगामाच्या अखेरीपर्यंत बंदी घातली आणि बाकीच्यांना ताकीद दिली. पंचांवर मात्र कारवाई झाली नाही. सर्वाधिक गोलांचा सामना म्हणून त्याची नोंद झालेली आहे. मोठा विजय म्हणून तो सांगणे आम्हाला पटत नाही.

खऱ्या अर्थाने खेळून मिळवलेला क्लब पातळीवरचा सर्वात मोठा विजय कोणता?

स्कॉटिश चषक स्पर्धेत १२ सप्टेंबर १८८५ रोजी आर्ब्रोथने बॉन अकॉर्डचा ३६–० असा पराभव केला. त्या सामन्यात आर्ब्रोथच्या जॉन पेट्री या अठरा वर्षांच्या खेळाडूने १३ गोल केले. थॉम्पसनचा आकडा आणि हा आकडा एकच असावा हा निव्वळ योगायोग. गोलला त्या काळी जाळी नसे, त्यामुळे प्रत्येक गोलानंतर चेंडू आणायला वेळ जात असे. जाळी असती तर निकाल कोठवर गेला असता कोण जाणे. कहर म्हणजे त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, डंडी हार्पने अबर्डीन रोव्हर्सला ३५–० असे हरवले होते. तेथेही पंचांच्या नोंदीत ३७ गोल होते, पण विजेत्या क्लबनेच आपले गोल ३५ असल्याचे सांगितले. तो प्रामाणिकपणा नसता तर विक्रम आर्ब्रोथच्या नावे लागला नसता.

तरीही स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला मान्यता १८९३ मध्ये मिळाली, त्यामुळे ‘व्यावसायिक’ हा निकष काटेकोरपणे लावायचा असेल तर इंग्लंडकडे वळावे लागते. तेथे १८८५ मध्येच ती मान्यता मिळाली होती, आणि १५ ऑक्टोबर १८८७ रोजी एफए चषकात प्रेस्टन नॉर्थ एंडने हाइडला २६–० असे हरवले.

२०१५ मध्ये व्हानुआतूने ४६–० असा विजय मिळवला होता. मग ३१–० चा विक्रम मोडला नाही का?

नाही. २०१५ च्या पॅसिफिक गेम्समध्ये मायक्रोनेशियाचा संघ ताहितीकडून ३०–०, फिजीकडून ३८–० आणि व्हानुआतूकडून ४६–० असा हरला आणि शेवटच्या सामन्यात व्हानुआतूच्या जाँ काल्ताकने १६ गोल केले. परंतु ते सामने २३ वर्षांखालील संघांचे होते आणि मायक्रोनेशिया फिफाचा सदस्यही नाही, म्हणून या निकालांची नोंद वरिष्ठ आंतरराष्ट्रीय विक्रमांत होत नाही.

स्पर्धा परीक्षेत किंवा प्रश्नमंजूषेत ‘सर्वात मोठा विजय’ विचारला तर कोणते उत्तर लिहावे?

प्रश्नात ‘आंतरराष्ट्रीय सामना’ असे शब्द असतील तर ३१–०. ‘कोणताही अधिकृत सामना’ किंवा ‘सर्वाधिक गोल’ असे असेल तर १४९–०. महिलांच्या युरोपीय पात्रता सामन्यांविषयी विचारले असेल तर नोव्हेंबर २०२१ मधला इंग्लंडचा लाटवियावरील २०–० हा विजय ध्यानात ठेवावा. केवळ ‘फुटबॉल’ एवढेच लिहिले असेल तर प्रश्न काढणाऱ्याचे चुकले आहे.

आपल्याकडे असा एकतर्फी निकाल लागला आहे का?

लागला आहे, आणि दोन्ही ठळक उदाहरणांत गोवा विरुद्ध मुंबई असाच सामना आहे. आय-लीगमध्ये ३० मे २०११ रोजी गोव्याच्या धेंपो क्लबने मुंबईच्या एअर इंडिया संघाला १४–० असे लोळवले. राष्ट्रीय साखळी स्पर्धेतला तो विक्रमी विजय ठरला. पुढे इंडियन सुपर लीगमध्ये १७ नोव्हेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाने मुंबई सिटीचा ७–० असा पराभव केला आणि थाँगखोसिएम हाओकिप व डुडू ओमागबेमी या दोघांनीही हॅट्ट्रिक केली. गोव्याचे प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको, तर मुंबईची धुरा फ्रान्सच्या निकोला अनेल्काकडे होती. सात गोलांचा तो फरक त्या वेळी लीगमधला सर्वात मोठा होता. कॉफ्स हार्बरशी मात्र त्याची तुलना होऊ शकत नाही, कारण मुंबईचा संघ पूर्ण व्यावसायिक होता आणि तो दिवस त्याच्यासाठी फक्त फार वाईट गेला.

या विजयाचा ऑस्ट्रेलियाला पुढे काय फायदा झाला?

जवळजवळ काहीच नाही. गटातल्या चार सामन्यांत त्यांनी ६६ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. पण त्यातही ३१ गोलांनंतर तीनच दिवसांनी फिजीने त्यांना अवघे दोन गोल करू दिले होते. पुढे न्यूझीलंडला हरवून ते दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेविरुद्धच्या निर्णायक लढतीत पोहोचले, मेलबर्नला १–० असे जिंकले आणि मॉन्टेव्हिडिओला ३–० असे हरले. विश्वचषकाचे दार बंद झाले. दुबळ्या संघांविरुद्ध गोलांचा पाऊस पाडून, वर्षातून एकदाच खऱ्या ताकदीच्या संघासमोर उभे राहायचे, ही पद्धत ऑस्ट्रेलियाला नको होती. १ जानेवारी २००६ रोजी त्यांनी ओशनिया सोडून आशियाई महासंघात प्रवेश केला.

पात्रता पद्धतीत काही बदल झाला का?

झाला. २००६ च्या विश्वचषकासाठी ओशनियातील लहान संघांची आधी प्राथमिक फेरी घेण्यात आली आणि तीतून वर आलेल्या संघांनाच ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी खेळायला मिळाले. त्याचा परिणाम लगेच दिसला: २००४ मध्ये प्राथमिक फेरीतून आलेल्या सॉलोमन आयलंड्सने ऑस्ट्रेलियाला २–२ असे बरोबरीत रोखले.

अमेरिकन सामोआचे आणि त्या गोलरक्षकाचे पुढे काय झाले?

पुढची दहा वर्षे पराभवाचीच गेली. २०११ मध्ये मूळचे नेदरलँड्सचे प्रशिक्षक थॉमस राँगेन यांनी संघाची सूत्रे घेतली आणि २२ नोव्हेंबर २०११ रोजी सामोआतील आपिया येथे अमेरिकन सामोआने टोंगाला २–१ असे हरवले. फिफाच्या सदस्य संघाविरुद्धचा हा त्यांचा पहिला विजय होता. बचावफळीत जाया साएलुआ होती, जिचे नाव विश्वचषक पात्रता सामना खेळणारी पहिली उघड पारलिंगी खेळाडू म्हणून घेतले जाते. आणि गोलमध्ये निकी सलापूच होता. ३१ गोलांच्या त्या सामन्यात त्याने अडवलेले फटकेही थोडेथोडके नव्हते, आणि तो नसता तर आकडा चाळिशीच्या पुढे गेला असता, असे सामना पाहणाऱ्यांपैकी अनेकांचे म्हणणे होते.

हा विक्रम मोडण्याची शक्यता किती आहे?

फारच कमी. आशिया आणि ओशनियात तळाचे संघ आता आधी आपापसांत खेळतात आणि ऐनवेळी संघच बदलावा लागण्याची वेळ सहसा येत नाही. युरोपात सान मारिनो किंवा जिब्राल्टर यांना आजही थेट मोठ्या संघांच्या गटात टाकले जाते, पण त्यांचे खेळाडू एकत्र सराव केलेले आणि बचावाची आखणी पाठ असलेले असतात, त्यामुळे तेथील मोठा पराभव फार तर तेरा-चौदा गोलांपर्यंत जाऊन थांबतो. वीस खेळाडूंपैकी एकोणीस अपात्र ठरणे, परीक्षा, एका आठवड्यात चार सामने आणि समोर संघातल्या जागेसाठी झगडणारे व्यावसायिक खेळाडू, एवढ्या गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या तरच ३१ चा आकडा पुन्हा दिसेल.